तापात पालथी घातलेली कढई

आई, तुला एकच गोष्ट इचारायची हाय. अंगात ताप असताना मानसाला लोखंडाचं कायबी खाऊ घालू नये, हे तू धाकटीला सांगितलंस, मग मला का न्हाई सांगितलंस? तू जाऊन वीस वर्सं झाली आन मला हे कळलं मागल्या म्हयन्यात, ते बी तिच्याच तोंडून, माज्याच घरात, माज्या सुनंच्या खाटंपाशी. थोरली मी. सातवी शिकलेली मी. अंगनवाडीत मदतनीस म्हनून उभी उमर घातली ती मी. कान्हे गावच्या निम्म्या बायांनी लोहाच्या गोळ्या घेतल्यात त्या माज्या हातनं. आन तुज्या पोटातली गोष्ट गेली कुनाकडं, तर जिला गोळीचं पाकीट दातानं फोडावं लागतं तिच्याकडं.

मला लिवायची हौस न्हाई. जे असंल ते तोंडावर बोलावं आन कामाला लागावं, हा माजा सभाव तुला ठावं हाय. पन तुज्या तोंडावर आता बोलायचं कसं. म्हनून बसले. पोषन आहाराच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी व्हती, तीच घेतली.

सुरवातीपासनं सांगते. सून बाळंतीन झाली, पैलीच खेप, पोरगी झाली. नातीचं नाक तुज्यावर गेलंय. लोकं म्हनत्यात धाकटीवर गेलंय. तळेगावच्या दवाखान्यातनं चौथ्या दिशी घरी सोडली, रक्त कमी हाय म्हनून रोज एक लोहाची गोळी लिवून दिलती. सून बघावी तर पांढरीफटक, डोळ्याची खालची पापनी वढली तर आत लाल नावाला न्हाई. मी म्हनले, एका गोळीनं काय व्हतंय, आन सकाळ-संध्याकाळ दोन सुरू केल्या. कुनाला इचारायचं काय त्यात? माजं आयुष्य त्या गोळ्यांत गेलं. सातव्या दिशी ती म्हनली, "आत्या, थंडी वाजतीया." सून मला आत्याच म्हनते. मी हात लावून बघितला, अंग कोमट. मी म्हनले दूध भरलंय, उतरंल. बाळंतपनात अंग तापतंच, त्याचा सोहळा कशाला करायचा. ल्योक नवलाख उंबऱ्याला कंपनीत हाय, त्याची शिफ्ट चालू, त्याला मी बोलले बी न्हाई.

आठव्या दिशी धाकटी आली औंढ्यावरनं, आपल्या गावातनं, पिशवीत हळिवाच्या लाडवांचा डबा घिऊन. ती आली की माज्या घरातली सगळी तोंडं तिच्याकडं फिरत्यात, हे तुज्या वेळंपासनं असंच हाय. नात सकाळधरनं रडत व्हती, मी हालवून हालवून हात मोडून घेतले. हिनं एकदा मांडीवर घेतली आन पोर गप. मग डबा उघडला, एक लाडू काढला, दुसरा हात सहज सुनंच्या कपाळावर ठिवला, आन लाडू परत डब्यात गेला. डबा फडताळावर, पार मागं सारला.

"आक्का, अंग तापलंय हिचं."

"दूध भरलंय."

"मग लाडू आज नगं. हळिवात लोखंड लय असतं. ताप गेला की दे. आन त्या गोळ्या बी चार दिस बाजूला ठिव. दवाखान्यात दाव हिला."

"तू कदी डाक्तर झालीस गं?"

"मी कुटं म्हनते. आई म्हनायची. तापात लोखंड चारू नगा, ते ताप खातो, मानूस न्हाई खात."

"आई? आपली आई?"

"मग काय शेजारनीची?"

सून हसली. अंगात ताप, तरी हसली. आन आई, मला काय झालं ते खरं सांगते. सुनंचा ताप मागं पडला. माज्या डोक्यात एकच सुरू झालं: हे हिला कवा सांगितलं, कुटं बसून सांगितलं, तवा मी कुटं व्हते? मी म्हनले, "मला तर ती कदी म्हनली न्हाई." आन धाकटीच्या देखत गोळी फोडून सुनंच्या तळहातावर ठिवली, पान्याचा तांब्या पुढं केला. सुनंनं मावशीकडं बघितलं, मग माज्याकडं बघितलं, आन गिळली. धाकटी नातीच्या दुपट्याची घडी घालत बसली. ती बोलली असती तर मला भांडता तरी आलं असतं.

त्या दिशी भांडी घासता घासता मला हिवतापाचे दिस आठवले. मी नवू वर्सांची, धाकटी पाच. तुजी ती काळी लोखंडाची कढई, लोणावळ्याच्या बाजारातनं डोक्यावर घिऊन चालत आलतीस, येताना वाटंत तीच पालथी करून डोक्यावरचं ऊन झाकलं म्हनायचीस. माठाची भाजी तिच्यात काळी कुट्ट व्हायची. खाली धरलेली खरवड उलथन्यानं खरडून तू मला द्यायचीस, कारन मी थोरली. तो माजा हक्क व्हता. मग मला हिवताप आला. दिसाआड थंडी भरायची, गोधड्या टाकल्या तरी दात वाजायचे. आन तू काय केलंस, कढई चुलीवरनं उतरवलीस आन परड्यात भितीशी पालथी घातलीस. माजं सगळं मडक्यात. तांदळाची पेज, पांढरी, बेचव. धाकटीला म्हनलीस, जा काकूकडं जेवून ये. काकूची कढई चुलीवर व्हतीच. ती कार्टी काळं तोंड घिऊन परत यायची, व्हटाला खरवड लागलेली, आन माज्या अंथरुनापाशी उभी ऱ्हाऊन बोटं चाटायची. मी म्हनले, "मला का न्हाई?" तू म्हनलीस, "गप. पेज पी." बास. येवडंच. तुला कुटल्याच गोष्टीचं कारन सांगायची सवय नव्हती, आन मला ती सवय तुज्याकडनंच लागली.

मी त्या पेजंचा राग साठ वर्सं धरला, खोटं कशाला बोलू. पुढं तू तिला जवळ औंढ्यातच दिलीस आन मला लांब कान्ह्याला. कढई तिला दिलीस. अखेरच्या दिसांत तिच्या घरी ऱ्हायलीस, तिच्या मांडीवर गेलीस. दर वेळंला मला ती पेजच आठवायची. वाटायचं, हिचं माप पैल्यापासनं भरून, माजं पैल्यापासनं निवळ.

दुसऱ्या दिशी दुपारी सुनंचा ताप चढला. डोळे लाल, बोलनं भलतंच, माहेरच्या म्हशीला हाका मारायला लागली. तवा मात्र मी उठले. ल्योकाला फोन लावला, तो गेटावरनं तसाच रिक्षा घिऊन आला. धाकटी अजून हितंच व्हती, तिनं पोर पोटाशी धरली आन आधी जाऊन रिक्षात बसली. तशीच सुनंला तळेगावला नेली.

डाक्तरीन बाई पोरसवदाच व्हती, सुनंपेक्षा चार-दोन वर्सांनी मोठी. पन हात चलाख, बोलनं कमी. मला पटली. गर्भाच्या पिशवीत जंतू झालेत म्हनली, लगीच सलाईन लावली, औषीद सोडलं. रक्ताचा कागद आला. मी म्हनले, "रक्त कमी हाय ना? मग लोहाची सलाईन बी लावून टाका, येकदाचं काम व्हईल."

"आत्ता नाही, आजी. गोळ्या किती देत होता?"

"सकाळ-संध्याकाळ."

"आम्ही एकच लिहिली होती. आणि ताप आल्यावर?"

"ताप आल्यावर बी."

तिनं कागदावरनं मान वर केली. मला वाटलं आता झापनार. पन तिनं झापलं न्हाई, स्टूल वढून बसली. म्हनली, "ताप गोळ्यांनी आलेला नाही, तो जंतूंचा आहे. पण आत्ता गोळी देऊन उपयोग नाही. जंतूंना वाढायला लोह लागतं, आपल्यासारखंच. म्हणून जंतू आत शिरले की शरीर आपलं लोह लपवतं. यकृतातून एक निरोप सुटतो. तो पोचला की आतडं गोळीतलं लोह आत सोडत नाही. आणि पांढऱ्या पेशी, ज्या जंतूंना गिळतात ना, त्या जुन्या रक्तातलं लोह गिळून पोटात धरून बसतात. त्यांच्या आत एक प्रथिन असतं, त्याचा डबा समजा. त्यात भरून झाकण लावतात. म्हणून बघा, हिच्या रक्तात लोह कमी दिसतंय, पण डबे भरलेले दिसतायत."

"मग गोळी जाती कुटं?"

"आतड्यात पडून राहते. तिथल्या जंतूंच्या पंगतीला."

मला हे असं समजलं, आई. गावात चोर आल्याची खबर आली तर आपन भात अंगनात वाळत ठिवत न्हाई. कनगीत घालतो, वरनं शेनानं लिपून टाकतो. घरातली मानसं चार दिस अर्धपोटी ऱ्हात्यात, पन चोराच्या हाताला दाना लागत न्हाई. आन मी काय करत व्हते? घरच्यांनी कनगी लिपलेली, आन मी भाईरनं पोती आनून अंगनात वतत व्हते, सकाळ-संध्याकाळ. मी डाक्तरनीला म्हनले, "म्हनजे लोह वाईट का? मग आमी बायांना उगाच वाटलं?"

"छे. वाईट कसं? पांढऱ्या पेशींनाही लोह लागतं. लढायचं म्हणजे एकाच्या दहा पेशी व्हायला लागतात, लोह नसेल तर त्या वाढतच नाहीत. तुमच्या गोळ्यांनी कितीतरी बायका उभ्या राहिल्या असतील. फक्त वेळ बघायची. आधी हा ताप जाऊ दे, मग मीच भरपूर देणार आहे." मग पोरीकडं बघून इचारलं, "पहिलं दूध पाजलं ना हिला? पिवळं?"

"पाजलं," धाकटी म्हनली.

"चांगलं केलंत. त्या दुधात लोह पकडून ठेवणारं प्रथिन असतं. बाळाच्या पोटात जंतूंना लोहाचा कण मिळू देत नाही. पांढऱ्या पेशीही तेच प्रथिन जखमेत सोडतात."

हे ऐकलं आन माजं आनखी जळालं. मला ठावं हाय ना. माज्या येळंला आजीनं तुजा चीक पिळून परड्यात टाकायला लावला, खराब असतो म्हनून, आन मला तीन दिस गुळाचं पानी चाटवलं. धाकटीच्या येळंला आजी नव्हती. धाकटीनं पैल्या दिसापासनं चीक पिला. तूच चार बायांत हसत सांगायचीस, म्हनून ही अशी टनकी. मी तवा बी हसले न्हाई. आन त्या दिशी त्या स्टुलाशी उभं ऱ्हाऊन कळलं की तितं बी हिचाच नंबर लागलाय. लोखंड पकडायचं जे काय असतं ते हिला मिळालं, मला गूळ. तुजा दोष न्हाई म्हन, आजीचा म्हन. मला काय फरक पडतोय.

दुसऱ्या दिशी ताप जरा खाली आला. सून झोपली व्हती. आमी दोघी भाईर पॅसेजात बाकड्यावर बसलो, पोर धाकटीच्या मांडीवर. मी सरळच इचारलं. "आईनं तुला हे कवा सांगितलं?"

"जाऊ दे ना आक्का."

"जाऊ दे काय? सांग."

तिनं पोरीचं टोपरं नीट केलं, मग सांगितलं. आमच्या दोघींच्या आधी एक भाऊ व्हता, हे मला ठावं व्हतं. दीड वर्साचा असताना गेला, येवडंच ठावं. कसा गेला ते कदी घरात कोनी काडलंच न्हाई. तो पांढुरका पडला व्हता, आन ताप येत व्हता. आजी म्हनली अंगात रक्त न्हाई. मग इळा चुलीत लाल करायचा, पान्यात चर्र करून विझवायचा आन ते पानी त्याला पाजायचं. तूच पाजलंस, आई. रोज. जेवडा ताप जास्त तेवडं पानी जास्त. आन पोर गेलं. तो त्या पान्यानं गेला का तापानं गेला, हे कोन सांगनार. आता मला डाक्तरनीचं ऐकून वाटतंय, तो तसा बी वाचला नसता. पन तुला तसं कोनी सांगितलं न्हाई. तू तुज्यापुरता कायदा केलास: घरात ताप आला की कढई पालथी. आमचा ताप ऱ्हाईस्तवर तुजा जीव त्या इळ्यात अडकलेला. आन मी समजत ऱ्हायले की तुला धाकटी जास्त लाडकी म्हनून मला पेज.

हे ऐकून मी रडायला पायजे व्हतं. मी काय म्हनले ठावं हाय? मी म्हनले, "हे सगळं तुला सांगितलं. मला न्हाई."

धाकटीनं पोर दुसऱ्या मांडीवर घेतली. मग म्हनली, "तुलाच सांगाया आलती ती आधी. तुज्या अंगनवाडीत."

आन आई, तो दिस माज्या डोळ्यापुढं आला. अंगनवाडीत सुपरवायझर बाई तपासनीला आलेल्या. मोठ्या पोरींना वळीनं बसवलंय, मी गोळ्या वाटतीय, माज्या डोळ्यादेखत गिळायला लावतीय, वहीत टिक करतीय. माजा रुबाब काय इचारू नगंस. तू दारातनं आत आलीस, हातात तांदळाच्या पिठाची पिशवी, मागं भितीशी बसलीस. वळीत एक पोरगी कुडकुडत व्हती. तू बसल्या जागंवरनं म्हनलीस, "आगं तिला आज नगं दिऊ, अंग तापलंय तिचं." मी म्हनले, "आई, तू गप बस. हितं शिकलेली मानसं काम करत्यात." सुपरवायझर बाई हसल्या. पोरी हसल्या. मी बी हसले, त्यांच्यासंगं. तू परत म्हनलीस, "तापात लोखंड..." आन मी म्हनले, "हे अडानीपन औंढ्याला ठिवून येत जा." त्या पोरीला मी गोळी दिली. तिला कायबी झालं न्हाई, चार दिसांनी ती फुगडी खेळत व्हती. म्हनून माजंच खरं, असं मी धरून चालले. तू कवा उठलीस ते मला कळलं न्हाई. पिठाची पिशवी तितंच भितीशी व्हती. चा टाकला व्हता, तो तसाच ऱ्हायला. मला वाटलं गाडीची येळ झाली असंल. मी पाठीमागं स्टेशनवर आले न्हाई. बाईंचं रजिस्टर बघायचं ऱ्हायलं व्हतं.

त्या संध्याकाळी तू धाकटीच्या घरी तांदूळ निवडत बसलीस, आन निवडता निवडता तिला सगळं सांगितलंस, भावाचं, इळ्याचं, पान्याचं. धाकटी म्हनली, "तिनं तुला नाव न्हाई ठिवलं आक्का. उलट म्हनली, थोरलीला कामाच्या जागी बोलायला नगं व्हतं, तिचा तितं मान हाय. आन म्हनली, तू ध्येनात ठिव. कदी तिच्या घरात ताप आला, तर तू जाऊन सांग."

म्हनजे गोष्ट माजीच व्हती. माज्या घरासाठी व्हती. पन ठिवायला दिलीस तिच्याकडं. आई, हे कळलं तरी माजं जळनं थांबलं न्हाई. उलट आता ते कुनावर काडावं तेच समजंना. पैलं धाकटीवर काडत व्हते, ते सोपं व्हतं. आता त्या दिशीच्या माज्यावर काडायचं म्हनलं, तर ती बाई आता कुटं हाय, गोळ्यांची वळ लावून उभी असलेली.

आनखी एक आठवलं, हे लिवता लिवता. हिवताप गेल्यावर तूच ती कढई सुलटी केलीस, घासलीस, आन पुढं म्हयनाभर खरवड मलाच. काकूकडनं वाटीभर कलेजी मागून आनलीस, ती बी त्याच कढईत. ते मी साठ वर्सांत एकदा बी आठवलं न्हाई. त्यातल्या दोन फोडी तू धाकटीला दिल्या व्हत्यास, ते मात्र माज्या लक्षात ऱ्हायलं व्हतं.

आता शेवटाचं सांगते, त्याच्यासाठीच बसले व्हते. सुनंचा ताप उतरला. पाचव्या दिशी ती उठून बसली, भाकरी मागितली. सोडायच्या दिशी सकाळी धाकटी खाली चा आनाया गेली. डाक्तरीन बाई तपासायला आल्या, सगळं बघितलं, आता लोह सुरू करू म्हनल्या. मग हसत म्हनल्या, "आजी, सिस्टर सांगत होत्या, तुमच्याकडे कुणीतरी ताप आला की लोखंडी कढई पालथी घालायचं म्हणे. मला फार नवल वाटलं. कुणी सुरू केलं हे?"

सिस्टरला हे धाकटीनंच सांगितलं असनार, ती बसंल तितं बोलती. मला तवा काय झालं सांगता येत न्हाई. माज्या तोंडातनं गेलं, "माज्या आईनं. मला ल्हानपनापासनं सांगायची. तापात लोखंड नगं. समदं मलाच सांगायची ती, मी थोरली ना."

सुनंनं मान वर केली. डाक्तरीन बाईंचं हसू बी गेलं. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं? मग ताप आल्यावर दोन-दोन गोळ्या का दिल्यात?"

 खोटं बोलायला सवय लागते, मला ती न्हाई, पुढचं काय बोलावं सुचंना. सून बघतीय. सिस्टर बघतीय. आन दारातनं धाकटी आली, एका हातात चाची किटली, दुसऱ्यात कप. तिनं सगळं ऐकलेलं व्हतं. तिनं किटली टेबलावर ठिवली आन म्हनली, "मी म्हनले व्हते हिला द्यायला, डाक्तरीन बाई. आक्का न्हाईच म्हनत व्हती. सून लय पांढरी दिसली म्हनून मीच मागं लागले. माजीच चूक."

मग डाक्तरीन बाईंनी तिला चांगलं सुनावलं. घरच्या घरी डाक्तरकी करायची न्हाई, लिवून दिलंय त्याच्यावर एक गोळी द्यायची न्हाई, ताप आला तर त्याच दिशी आनायचं, दोन दिस वाट बघायची न्हाई. सुनंचा जीव गेला असता, म्हनल्या. धाकटी खाली मान घालून व्हय व्हय म्हनत व्हती. सून माज्याकडं बघत व्हती, मी कपाकडं बघत व्हते. गोळ्या मीच दिल्या, हे मी म्हनले न्हाई. आज म्हयना झाला, अजून बी ते बोलले न्हाई, तिच्याशी न्हाई आन सुनंशी बी न्हाई. हे पान बी कुनाला दावनार न्हाई. ह्या वहीत पोरींच्या वजनाचे तक्ते हायेत, त्याच्या मागं ऱ्हाईल.

तिच्यासारखं मला जमत न्हाई, आई. तिला ते कुटनं येतं, तू दिलंस का चिकातनं आलं, मला ठावं न्हाई. मला तिचा हेवा वाटतो, तो तवा बी वाटला, चा पिताना. पन एक तुलाच सांगते. डाक्तरीन बाई तिला सुनावत व्हत्या ना, तेवडा वेळ मला बरं वाटत व्हतं.